३९१ की ६६९? निकालाच्या आठवड्यातल्या एका ऑप्शनचा रास्त भाव

३१ मे २०२४, शुक्रवार. लोकसभेचा निकाल चार दिवसांवर. बाजार बंद व्हायला अर्धा तास उरला असताना माझ्या मावसभावाने शेअर बाजाराच्या निफ्टी निर्देशांकाचा २२,५०० चा कॉल (त्या भावाने घेण्याचा हक्क) आणि २२,५०० चाच पुट (त्या भावाने विकण्याचा हक्क) विकला. दोन्ही २७ जूनच्या एक्स्पायरीचे, म्हणजे त्या दिवशी मुदत संपणारे, एकेक लॉट, म्हणजे २५ नग. सौदा झाल्यावर त्याने मला फोन केला.

"दादा, माझ्या शीटमध्ये कॉलचा भाव ३९१ येतोय आणि बाजारात तो ६७० च्या घरात चाललाय. पुट तर दुपटीच्या वर. एवढा महाग माल कोण घेतंय कुणास ठाऊक, पण मी विकून मोकळा झालो."

तो सांगलीत हळदीचा व्यापार करतो. हळकुंड मोडून बघितलं की भाव सांगणारा माणूस. महाग झालेला माल विकावा, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. शीटही त्याने स्वतः बनवली होती, ऑप्शनचं सूत्र एक्सेलमध्ये स्वतःच्या हाताने घातलं होतं. पुढच्या मंगळवारी त्याला सुमारे ११ हजारांचा फटका बसला. तेव्हा ओळखीच्या लोकांनी दोनच निदानं केली: सूत्र पुस्तकी आहे, किंवा मोठ्या खेळाडूंनी खेळ केला. मला दोन्ही पटत नाहीत. त्याची शीट बरोबर होती, त्याचा प्रश्नही चांगला होता, म्हणूनच हे प्रकरण मांडून ठेवावंसं वाटलं.

आकड्यांबद्दल आधी सांगतो. खाली दिलेले ऑप्शनचे भाव म्हणजे त्याच्या सौद्याच्या चिठ्ठ्या नव्हेत. त्या त्या दिवशीचा निफ्टी आणि इंडिया व्हिक्सचा (बाजाराला पुढच्या महिन्यात किती चढउतार अपेक्षित आहे ते दाखवणाऱ्या निर्देशांकाचा) साधारण आकडा धरून मी ते सूत्रातून काढले आहेत. त्याला मिळालेले भाव यांच्या जवळपासचेच होते. भाव पूर्णांकात दिल्यामुळे बेरजेत कुठे एखाद्या अंकाचा फरक दिसेल.

शीटमध्ये काय होतं

जमिनीच्या व्यवहारात इसार देतात, तसा कॉलचा प्रीमियम समजावा. आज काही रक्कम द्यायची आणि ठरलेल्या तारखेला ठरलेल्या भावाने घेण्याचा हक्क राखायचा. नाही घेतलं तर इसार गेला. हा इसार किती असावा, हे जमिनीचा भाव तोवर किती उसळू शकतो यावर ठरतं. भाव हलणारच नसेल तर हक्काला किंमत नाही.

फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी १९७३ मध्ये याचंच सूत्र मांडलं, रॉबर्ट मर्टन यांनी त्याच सुमारास त्याला पक्का पाया दिला. सूत्राला पाच गोष्टी लागतात. त्या शुक्रवारी निफ्टी २२,५३०.७० वर बंद झाला. स्ट्राइक, म्हणजे हक्काचा ठरलेला भाव, २२,५००. एक्स्पायरीला २७ दिवस. व्याजदर म्हणून त्याने रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, ६.५ टक्के, घेतला होता. लाभांश सोडून दिला होता. या मुदतीत त्याने फार बिघडत नाही.

पाचवी गोष्ट अस्थिरता, म्हणजे वर्षभरात भाव किती टक्के इकडेतिकडे होईल याचा अंदाज. पहिल्या चार गोष्टी कुणीही स्क्रीनवरून उतरवून घेईल, ही पाचवी मात्र ज्याची त्याने ठरवायची असते. मावसभावाने मागच्या तीन महिन्यांचे बंद भाव घेतले, रोजच्या बदलाचं प्रमाण विचलन (सरासरीपासून इकडेतिकडे होण्याचं माप) काढलं, ते २५२ च्या, म्हणजे वर्षातल्या बाजाराच्या साधारण दिवसांच्या, वर्गमुळाने गुणलं. उत्तर आलं साधारण १३ टक्के.

१३ टक्के घातले की कॉल ३९१ आणि पुट २५२ येतो. मी माझ्या संगणकावर वेगळं करून पाहिलं, तेच आलं.

तरी मी आणखी एक तपासणी केली. अशी शीट बनवणाऱ्या प्रत्येकाने ती करावी, असं मला कळकळीने वाटतं. कॉलमधून पुट वजा केला की उरणारी रक्कम अस्थिरतेवर अवलंबून नसते. ती आजचा निफ्टी वजा व्याजाने मागे आणलेली स्ट्राइक एवढीच असली पाहिजे. इथे ती १३९ येते. ३९१ वजा २५२, १३९. बाजाराचा कॉल ६६९ आणि पुट ५३०, त्यातलाही फरक १३९. शीट पास झाली. त्याची एक जुनी चूक मात्र तपासणीविनाच पकडली गेली होती. आधीच्या आठवड्यात त्याने व्याजाच्या रकान्यात ६.५ टक्क्यांऐवजी नुसते ६.५ लिहिले होते, म्हणजे ६५० टक्के. कॉलचा भाव ८,६०० च्या वर दिसू लागला होता. आकडा एवढा वेडावाकडा होता म्हणून लगेच लक्षात आलं. लहान चूक असती तर तशीच दडून राहिली असती.

रविवार, हळदीच्या गोदामात

शनिवारी शेवटच्या टप्प्याचं मतदान संपलं आणि संध्याकाळी एक्झिट पोल आले. एका घरगुती कार्यासाठी मी रविवारी सांगलीत होतो. दुपारी गोदामात टेबलावर लॅपटॉप ठेवून आम्ही बसलो.

पहिल्यांदा शीट उलटी चालवली. एक्सेलमधलं गोल सीक वापरून विचारलं, कॉलचा भाव ६६९ यायला अस्थिरता किती हवी? उत्तर साडेचोवीसच्या आगेमागे. शुक्रवारी इंडिया व्हिक्सही तिथेच होता.

तो म्हणाला, "म्हणजे मी १३ म्हणतोय आणि बाजार साडेचोवीस. एक जण तर चुकतोय की."

मला वाटतं, प्रकरणाची गाठ नेमकी इथे आहे. दोघांपैकी कुणीच चुकत नव्हतं. १३ हे मागच्या तीन महिन्यांचं वर्णन होतं, साडेचोवीस ही पुढच्या चार आठवड्यांची मागणी होती. मागच्या तीन महिन्यांत लोकसभेच्या मतमोजणीचा दिवस नव्हता. पुढच्या चार आठवड्यांत तो होता, आणि अवघ्या दोन दिवसांवर होता. मी त्याला त्याच्याच धंद्यातलं विचारलं. २०२३ च्या मे महिन्यात आधीच्या तीन महिन्यांचे सौदे बघून ऑगस्टची हळद किती हलेल असं तू सांगितलं असतंस? त्या उन्हाळ्यानंतर हळदीचा भाव दुपटीच्या आसपास गेला होता. तो काही बोलला नाही, पण त्याने शीटमध्ये नवी ओळ घातली.

मग बाजाराची मागणी आम्ही फोडून पाहिली. अस्थिरतेची थेट बेरीज होत नाही, तिच्या वर्गाची होते. वर्षाला साडेचोवीस टक्के म्हणजे २७ दिवसांत ६.६६ टक्के. त्याचा वर्ग ४४.४. आता १७ जूनची बकरी ईदची सुट्टी वगळली तर २७ जूनपर्यंत बाजाराची १८ सत्रं होती. त्यांतली १७ नेहमीसारखी, १३ टक्क्यांच्या चालीने जातील असं धरलं, तर त्यांचा वाटा ११.४. उरले ३३. हे सगळे एकट्या ४ जूनच्या पदरात घातले तर त्याचं वर्गमूळ ५.७.

म्हणजे बाजार सांगत होता की बाकी दिवस तुझ्या हिशोबाप्रमाणेच जाऊ देत, पण मतमोजणीच्या दिवशी निफ्टी वर किंवा खाली पावणेसहा टक्क्यांच्या मापाने हलू शकतो, आणि त्याचे पैसे भावात आहेत.

यानंतर प्रश्नाचं रूपच बदललं. ६६९ महाग आहे का, याला उत्तर देणं कठीण. मंगळवारी निफ्टी पावणेसहा टक्के हलेल का, यावर मात्र दोन माणसं बसून बोलू शकतात. २००४ मध्ये निकालानंतरच्या सोमवारी, १७ मे रोजी, निफ्टी एका दिवसात १२ टक्क्यांहून जास्त पडला होता. २००९ मध्ये निकालानंतरच्या पहिल्या सत्रात, १८ मे रोजी, तो १७.७ टक्के वर गेला आणि व्यवहार थांबवावे लागले. २०१४ आणि २०१९ च्या मतमोजणीच्या दिवशी मात्र बंद भावात एक टक्क्याच्या आसपासचाच फरक होता. चारांतले दोन दिवस शांत, दोन भयंकर. यावरून पावणेसहा अवाजवी आहे असं म्हणायला मला तरी आधार दिसत नव्हता.

त्याच्या बाजूनेही एक खरी गोष्ट होती आणि मी ती त्याला सांगितली. ऑप्शन विकणारा विमा विकत असतो. विमा विकणारा अपेक्षित नुकसानीपेक्षा थोडं जास्तच मागतो, म्हणून निर्देशांकाच्या ऑप्शनांत बाजाराने मागितलेली अस्थिरता प्रत्यक्षात येणाऱ्या अस्थिरतेपेक्षा बहुतेक वेळा वर असते. विकण्यात मूर्खपणा नव्हता. पण ३९१ आणि ६६९ मधले सगळे २७८ अंक आपला नफा आहेत, हे मानण्यात चूक होती.

पुढे काय झालं

| तारीख | निफ्टी बंद | व्हिक्स, साधारण | कॉल | पुट | दोन्ही मिळून |
|---|---|---|---|---|---|
| ३१ मे | २२,५३०.७० | २४.५ | ६६९ | ५३० | १,१९९ |
| ३ जून | २३,२६३.९० | २१ | १,०३६ | १७६ | १,२११ |
| ४ जून | २१,८८४.५० | २६.७५ | ३६८ | ८९१ | १,२५९ |
| ५ जून | २२,६२०.३५ | १९ | ५३१ | ३२३ | ८५४ |
| २७ जून | २४,०४४.५० | – | १,५४४.५० | ० | १,५४४.५० |

सोमवारी निफ्टी ७३३ अंकांनी चढला, ३.२५ टक्के. त्याच्या दोन ऑप्शनांची बेरीज मात्र १२ अंकांनीच वाढली. एवढी मोठी हालचाल होऊनही नुकसान जवळजवळ नाही, याचं त्याला फार आश्चर्य वाटलं. कारण व्हिक्स उतरला होता. एक्झिट पोलनंतर लोकांना निकाल कळल्यासारखा वाटला आणि विम्याचा भाव पडला. मावसभावाला तिथे फायदाही नाही, तोटाही नाही अशा जागी बाहेर पडायची संधी होती. मीही त्याला निघ म्हणालो नाही. ते मला अजून लागतं.

मंगळवारी दुपारी निफ्टी २१,२८१ पर्यंत खाली गेला आणि व्हिक्स ३१ च्या वर. त्या क्षणाची बेरीज सूत्राने १,६४४ येते. त्याने तिथेच दोन्ही परत घेतले. ४४५ अंक, २५ चा लॉट, सुमारे ११,१०० रुपये. बाजार बंद होताना घसरण ५.९३ टक्के होती. रविवारी गोदामात काढलेला आकडा ५.७ होता. हे एवढं जुळणं योगायोग आहे, याची मला जाणीव आहे. तरी ज्याला आपण अवाजवी म्हणत होतो तो अंदाज किती समंजस होता, हे त्या संध्याकाळी दोघांनाही दिसलं.

बुधवारी निफ्टी पुन्हा ३.३६ टक्के वर आला. व्हिक्स १९ च्या आसपास कोसळला. बेरीज ८५४. थांबला असता तर लॉटमागे ३४५ अंकांचा फायदा. तो दिवसभर स्वतःला दोष देत होता. माझी शीट बरोबर होती, मीच घाबरलो, असं म्हणत होता.

२७ जूनला निफ्टी २४,०४४.५० वर बंद झाला. पुट शून्य, कॉल १,५४४.५०. शेवटपर्यंत धरून ठेवणाऱ्याला तोटा, आणि तोही ३४५ अंकांचाच. एकच सौदा, ५ जूनला ३४५ ची कमाई, २७ जूनला ३४५ चा तोटा. मग ३१ मे रोजी १,१९९ हा भाव महाग होता की स्वस्त?

या एका निकालावरून ते ठरवता येत नाही, असं मी त्याला सांगितलं, आणि अजूनही तसंच म्हणेन. पण एक मोजमाप जरूर करता येतं. ३१ मे ते २७ जून निफ्टी ६.७ टक्के हलला. बाजाराने साडेचोवीसने मागितलेलं माप या मुदतीसाठी ६.७ टक्केच होतं. मावसभावाच्या १३ टक्क्यांनी ते ३.५ येत होतं, म्हणजे प्रत्यक्ष हालचाल त्याच्या अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट.

रास्त, पण कुणासाठी

या सूत्राबद्दलची एक गोष्ट शिकवण्यांत घाईने उरकली जाते, म्हणून तिच्यावर थोडा थांबतो. ब्लॅक आणि शोल्स यांचा भाव म्हणजे निफ्टी कुठे जाईल याचं भाकीत नाही. ऑप्शन विकून जो रोज मूळ वस्तू थोडी थोडी घेत-विकत राहील, त्याला हे काम करायला किती खर्च येईल, त्याचा तो अंदाज आहे. हा खर्च वसूल करून देणारा भाव तो रास्त भाव.

मावसभावाच्या सौद्यात हे कसं दिसलं असतं? ३१ मे रोजी त्याची स्थिती जवळजवळ तोलात होती. निफ्टी एक अंक हलला की ऑप्शनचा भाव जेवढा हलतो, तो त्याचा डेल्टा. कॉलचा डेल्टा ०.५५, पुटचा ०.४५ विरुद्ध बाजूने, उरला ०.१०. म्हणजे एका लॉटला निफ्टीचे अडीच नग घेतले की तोल साधला असता. सोमवारच्या उसळीनंतर हा फरक ०.५३ झाला. आता १३ नग हवेत. मंगळवारी बंद होताना तो उलटला, ०.२५ खालच्या बाजूने, म्हणजे १३ नग विकून वर आणखी ६ विकायचे. सोमवारी २३,२६४ ला घ्या, मंगळवारी २१,८८४ ला विका. महाग घेऊन स्वस्त विकण्याचा हा जो नेमाने होणारा खर्च, त्याचीच भरपाई म्हणून विकणाऱ्याला प्रीमियम मिळतो.

आता अडचण बघा. निफ्टीच्या फ्युचरचा, म्हणजे वायद्याचा, लॉट तेव्हा २५ चा होता. एक लॉट ऑप्शन विकणाऱ्याला १३ नगांचं फ्युचर मिळत नाही. ते घेतलं तर दुप्पट होतं, न घेतलं तर उघडा राहतो. मोठ्या संस्था शेकडो लॉट धरतात, त्यांचा हिशोब पूर्णांकात बसतो. घरून एक लॉट विकणारा जो भाव रास्त म्हणून स्क्रीनवर वाचतो, तो ज्या कामाचा मोबदला आहे ते काम त्याला करताच येत नाही. तो सरळ एक पैज लावतो. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर बाजाराच्या वायद्यांमध्ये आणि ऑप्शनांमध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. याची कारणं पुष्कळ आहेत, पण मोबदला आणि काम यांची ही फारकत त्यात नक्की आहे, असं मला वाटतं.

एकेका कंपनीच्या शेअरवरच्या ऑप्शनांत याच शीटला आणखी जपावं लागतं. लाभांशाची तारीख मध्ये आली तर तो सोडून चालत नाही, तिमाही निकालाचा दिवस हा त्या शेअरचा ४ जून असतो, आणि एक्स्पायरीला रोख नव्हे तर शेअरचीच देवाणघेवाण होते. दूरच्या स्ट्राइकना एकच अस्थिरता लावता येत नाही. पडझडीच्या बाजूचे पुट सहसा जास्त अस्थिरता मागतात.

मावसभावाने ऑप्शन सोडले नाहीत, सोडावेत असा आग्रह मी धरलाही नाही. विकणं मात्र थांबवलं. शीटमध्ये आता अस्थिरतेचे तीन रकाने आहेत: मागची, बाजाराची, आणि मधला मोठा दिवस काढून उरलेली. त्यांच्या वर एक ओळ आहे, तिच्यात एक्स्पायरीच्या आत येणाऱ्या तारखा तो हाताने लिहितो. पहिली तारीख त्याने लिहिली २३ जुलै, अर्थसंकल्पाची. त्या दिवसाच्या आधी त्याचा फोन आला.

"दादा, आजचा भाव फोडून बघितला. बाजार त्या एका दिवसाचे किती टक्के मागतोय ते काढलंय. तू पण काढून बघ, मग बोलू."